गाजलेलं फास्टफूड आपल्या गावात येऊन का बिघडतं?

मांजराकाठ, लातूर

एक प्रश्न बरेच दिवस छळतोय, म्हणून धागा काढला. पुण्या-मुंबईत लोक ज्या बर्गरसाठी, ज्या फ्राईजसाठी रांगा लावतात, तेच आपल्याकडं खाताना एवढा हिरमोड का होतो? पाटी तीच, मेन्यू तोच, दर जवळपास तेच. मग चवीत एवढा फरक कुठून येतो?

पूर्वी या साखळ्यांसाठी संभाजीनगर गाठावं लागायचं. आता जिल्ह्याच्या गावी आणि हायवेच्या कडेलाही त्या आल्यात. आमच्या भागात अशाच एका मोठ्या साखळीचं दुकान सुरू झालं. नाव घेत नाही, कारण तक्रार त्या एका दुकानाची नाही. उद्घाटनाच्या आठवड्यात आत पाय ठेवायला जागा नव्हती. औसा, निलंगा, रेणापूरहून माणसं लेकराबाळांसकट आलेली. त्या गर्दीत खाल्लेला बर्गर खरोखर चांगला होता. पाव मऊ, टिक्की चटका बसेल इतकी गरम.

पुढं एकदा आडवारी भर दुपारी गेलो. दुकान रिकामं. पावती हातात येईस्तोवर ट्रे समोर आला. पाव कडेनं कोरडा पडून सुरकुतलेला. टिक्की वरून गरम, मधे कोमट. पत्ताकोबीच्या दोन चिंध्या, आणि मेयोनीज पावात मुरून त्याचा ओलसर डाग खालच्या कागदापर्यंत उतरलेला. फ्राईज उचलले की माना टाकत होते. धाकट्यानं दोन खाल्ले आणि बाजूला सारले. आठवडाभर त्यासाठी हट्ट धरलेला पोरगा तो.

तेव्हापासून मी या फ्राईजच्या मागं लागलो. त्याला लागणारा बटाटा आपल्या बाजारातला नसतो. पाणी कमी आणि साखर कमी असलेल्या खास जाती लागतात. साखर जास्त असली की तळताना बटाटा काळपट पडतो. आपल्या देशात असा बटाटा मोठ्या प्रमाणावर गुजरातेत पिकतो, मेहसाणा-बनासकांठाकडं. कारखान्यात तो कापतात, गरम पाण्यातून काढतात, अर्धवट तळतात आणि गोठवतात. दुकानात फक्त शेवटची तळणी होते, साधारण १७० ते १८० अंशांवर, तीनेक मिनिटं. बाहेर आला की वरचं कवच कडक आणि आतला गर वाफेनं भरलेला. ती वाफ बाहेर पडताना कवचालाच ओलं करते. त्यामुळं पहिल्या पाच-सात मिनिटांत खाल्ला तरच त्याला अर्थ. त्यानंतर उरलेला माल टाकून द्यायचा, असा या साखळ्यांचा स्वतःचाच दंडक असतो.

आता सांगा, आडवारी दुपारी तीन वाजता आपल्या गावात दर पाच मिनिटाला फ्राईज मागणारं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे: हे सगळं खाणं खपावर उभं आहे. मुंबईत स्टेशनबाहेर माल तळला की संपतो, म्हणून तिथं तो चांगला लागतो आणि म्हणून त्याचं नाव झालं. आपल्याकडं नाव आलं, यंत्रं आली, पाटी आली, पण खप आला नाही. माल काचेमागच्या गरम कपाटात वाट बघत बसतो.

याउलट गंजगोलाईतला भजेवाला घ्या. सोळा रस्ते येऊन मिळतात त्या जागी, गर्दीला तोटा नाही. तरी तो घाणा लहानच टाकतो. गाड्याभोवती चार माणसं दिसली की चार माणसांपुरतं पीठ सोडायचं, मिरच्या तळून झाल्या की वरून मीठ भुरभुरायचं, कागद पुढं. त्याच्याकडं कपाट नाही, म्हणून शिळं द्यायची सोयच नाही.

तुमच्या गावचे अनुभव सांगा. दुकानाचं नाव नको, पदार्थाचं आणि वेळेचं सांगा.

गोदाकाठची_लेक, नांदेड

+१. हे खपाचं कारण नुसत्या चवीपुरतं नाही, तब्येतीशीही त्याचा संबंध आहे. आमच्याकडं सध्या शोरम्याचं वेड आलंय. हैदराबाद जवळ, त्यामुळं तिकडं जे चालतं ते आमच्याकडं लवकर पोचतं. ज्या चौकात बघाल तिथं उभा दांडा आणि त्याच्यावर मांसाचा गोळा फिरायलाय. लोकं रात्री अकरापर्यंत खायलेत.

शोरम्याची खरी रीत अशी की बाहेरचा थर भाजला की तेवढाच कापायचा, पुन्हा फिरवायचा, पुन्हा कापायचा. सतत गिऱ्हाईक असेल तर हे बरोबर जमतं. गिऱ्हाईक नसेल तर काय होतं ते मी उभं राहून पाहिलंय. शेगडी बारीक करतात किंवा बंदच करतात. गोळा आतून कोमट राहतो. तासाभरानं कोणी आलं की शेगडी मोठी, वरचा थर तापवला, कापला, दिला. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं ही साधी अट आहे. त्याच्या खाली कोमट ठेवलेलं मांस म्हणजे जंतूंची चंगळ.

आणि वर ते मेयोनीज. कच्च्या अंड्याचं, उन्हाळ्यात, बिनफ्रीजचं, डब्यात चमचा उभा. तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, हैदराबादेतल्या विषबाधेच्या प्रकारांनंतर. केरळनं त्याच्या आधी, २०२३ मध्येच घातली होती. आपल्याकडं निदान विचारायला तरी शिका, हे अंड्याचं की बिनअंड्याचं. माझ्या भावाला एकदा दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून एवढं तळमळीनं लिहितेय.

बाभूळबन, बीड

मला हे पटत नाही. गरम असलं काय आणि गार असलं काय, मुळात त्या खाण्यात दमच नाही. १९९६ ला मॅकडोनाल्ड्स भारतात आलं. गोमांस-डुकराचं मांस इथं चालणार नाही म्हणून त्यांनी मेन्यू बदलला, पुढं आलू टिक्कीचा बर्गर काढला. म्हणजे आपलाच आलुबोंडा चपटा करून, त्यातली हिरवी मिरची आणि लसूण काढून, वर गोड सॉस लावून आपल्यालाच विकला. ज्यानं लहानपणापासून भाकरीवर ठेचा खाल्ला, त्याच्या जिभेला ते कसं पुरणार? लोक खातात ते फोटोसाठी खातात.

मांजराकाठ, लातूर

बाभूळबन भाऊ, आवड-निवड वेगळी आणि हिरमोड वेगळा. मला तिखटच पाहिजे असतं तर मी तिथं गेलोच नसतो. माझ्या पोराला तो गोडसर सॉसच आवडतो. त्यानं जे मागितलं, ज्याचे पैसे दिले, ते त्याला नीट मिळालं नाही, हा माझा मुद्दा आहे.

झारा_कढई, मूळ परभणी, सध्या पुणे

कॉलेजात असताना अशाच एका साखळीच्या स्वयंपाकघरात काम केलंय, म्हणून आतलं थोडं सांगतो.

टिक्की तळून गरम कपाटाच्या खणात ठेवली की त्या खणाचं घड्याळ सुरू होतं. वेळ संपली की ते वाजतं आणि तो माल टाकायचा असतो. टाकलेला प्रत्येक नग वहीत लिहायचा. महिन्याच्या शेवटी त्या वहीवरून मॅनेजरला जाब विचारतात. आता दोन बाजूंनी कात्री बघा. माल टाकला तर नुकसान दिसतं. माल आधी तळून ठेवला नाही तर ऑर्डरला उशीर होतो, आणि उशिराचाही हिशेब वेगळा ठेवलेला असतो. पुण्यात गर्दीच्या दुकानात ही कात्री जाणवायची नाही, कारण घड्याळ वाजायच्या आत खण रिकामा व्हायचा. नंतर मला काही दिवस शहराबाहेरच्या दुकानात पाठवलं. तिथं दुपारभर घड्याळं वाजत असायची. कोणी बघत नसलं की पोरं बटण दाबून वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पोरांचा दोष म्हणावा तर पगार किती, आणि वहीतल्या नोंदीवरून बोलणी कोणाला बसायची, तेही बघायला हवं.

धागाकर्त्यानं म्हटलंय ते शंभर टक्के खरं आहे. ही सगळी व्यवस्था खूप खप गृहीत धरून बसवलेली आहे. कमी खपाच्या गावी तेच यंत्र आणि तेच नियम नेऊन ठेवले की त्रास नोकरांना आणि शिळं गिऱ्हाइकाला.

तेलाचंही तसंच. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे, तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोठ्या दुकानात ते मोजायचं साधन असतं, हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे.

मानवत_मोंढा

वाचतोय. चांगला धागा.

स्वयंपाकघर_अंबाजोगाई

सगळ्या दादालोकांनी भज्याच्या गाड्याचं कौतुक केलं, आता माझंही ऐका.

गंजगोलाईत किंवा आमच्या बसस्टँडबाहेर गाड्यावर भजे छान मिळतात, कबूल. पण तिथं मी एकटी उभी राहून खाऊ शकते का? चारी बाजूंनी पुरुष, बसायला जागा नाही, हात धुवायला पाणी नाही, बाथरूमचा तर प्रश्नच नाही. माझी मुलगी नीटच्या क्लाससाठी लातूरला असते. तिला भेटायला गेले की आम्ही दोघी त्या एसीच्या दुकानातच बसतो. दोन कॉफ्या घेऊन दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही, कोणी टक लावून बघत नाही. तिथला बर्गर मलाही आवडत नाही, तरी जाते. ते पैसे मी बर्गरचे देत नाही, त्या खुर्चीचे आणि स्वच्छ बाथरूमचे देते. आपल्या गावातल्या हॉटेलवाल्यांनी फॅमिली रूमच्या नावाखाली जो अंधारा कोपरा ठेवलाय, तो आधी सुधारावा. मग बघा बायका कुठं जातात ते.

आणि तेलाचं म्हणाल तर गाड्यावरच्या कढईतलं तेल कधी बदलतात? सकाळी उरलेल्यात नवीन ओततात, रात्री तेच झाकून ठेवतात. वर छापील वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देतात. शाई लागते म्हणून तसं देऊ नका असं एफएसएसएआयनं सांगून किती वर्षं झाली.

मांजराकाठ, लातूर

ताई, बसायच्या जागेचं आणि बाथरूमचं तुम्ही म्हणता ते पूर्ण मान्य. पुरुष म्हणून हा विचार आमच्या डोक्यात येत नाही, हे खरं आहे. तेलाबद्दलही वाद नाही. गाडा निवडताना मी कढईतला तळ दिसतो का ते बघतो. दिसला नाही तर पुढं जातो.

तुमच्या मुलीच्या निमित्तानं आठवलं. आमच्या ट्यूशन एरियात मात्र चित्र उलटं आहे. नीट-जेईईची हजारो पोरं, क्लास सुटला की एकदम लोंढा. तिथल्या साध्या पत्र्याच्या टपरीतला सँडविच, मोमो, निलंगा राईस सगळं ताजं मिळतं, कारण ठेवायला वेळच मिळत नाही. खपाचा मुद्दा यापेक्षा स्पष्ट दुसरीकडं दिसणार नाही.

देवगिरीच्या_पायथ्याशी, संभाजीनगर

परदेशी नावांनाच का धरायचं? आपल्याच गाजलेल्या पदार्थांचं काय चाललंय ते बघा. संभाजीनगर सोडून कुठल्याही हायवेला लागा, ‘चुलीवरची मिसळ’ची पाटी दर दोन मैलाला. एका ठिकाणी मी मागं जाऊन पाहिलं. चूल होती, सारवलेली, रांगोळीसुद्धा काढलेली. तिच्यात राख नव्हती. रस्सा गॅसच्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात होता आणि वर बोटभर लाल तेल. मटकी रश्श्यात पडून पडून पिठूळ झालेली. फरसाण मात्र ताटभर. नाशिक-कोल्हापूरची मिसळ खाल्लेला माणूस तिथं दुसऱ्यांदा जाणार नाही. पण हायवेवर दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक असतंच किती? पाटी बघून रोज नवीन गाडी थांबते. खप भरपूर असूनही चव नाही, त्यामुळं मांजराकाठांच्या म्हणण्याला मला एक जोड द्यावीशी वाटते. खप पाहिजे, पण तो परत येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पाहिजे.

आमच्या नान-खलियाचंच घ्या. तुघलकानं १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलवली, त्याच्या फौजेबरोबर हे जेवण आलं असं आमच्याकडं परंपरेनं सांगतात. तंदुरातली मोठी नान, तिच्या अंगाला हळद-गुळाच्या पाण्याचा हात, आणि देगीत तासन्‌तास शिजलेला मटणाचा खलिया. जुन्या शहरातल्या दावतीत किंवा तिथल्या छोट्या हॉटेलात खा, बोटं चाटाल. कारण देग चढते तेव्हा ती त्याच दिवशी संपणार हे ठरलेलं असतं, आणि खाणारे शेजारपाजारचे. चव हुकली तर दुसऱ्या दिवशी तोंडावर ऐकवतील. हेच आता पर्यटकांसाठी थाळीत, वाटीभर, मागणीनुसार द्यायला लागलेत. नान आधीची, फुलका गरम करावा तशी तव्यावर तापवलेली. वेरूळ बघून आलेला माणूस तेवढ्यावर मत बनवून जातो की नान-खलियात काही विशेष नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बर्गरवाल्याचं नुकसान त्याची कंपनी भरून काढेल, आमच्या खलियाची अब्रू गेली तर ती कोण भरून देणार?

बाभूळबन, बीड

देवगिरी दादा, हे मात्र लई बरोबर बोललात. माझा विरोध मागं.

तेरणाथडी, धाराशिव

पार्सलबद्दल कोणी बोललं नाही अजून. निम्मा हिरमोड पार्सलचा आहे.

खोक्यात बंद केलं की वाफ आतच फिरते. पिझ्झाचा बुडखा ओला होतो, फ्राईजचा लगदा होतो. मोठ्या दुकानाच्या पिझ्झा-बॉक्सला बाजूनं भोकं असतात ती वाफ जायला. आमच्याकडचे काही लोक ती भोकं चिकटपट्टीनं बंद करतात, गार होऊ नये म्हणून. आमच्या वस्तीवर मोटारसायकलनं अर्धा तास लागतो. तेवढ्यात चीज थिजून त्याचा एक पापुद्रा होतो, ओढला की सगळाच्या सगळा वर येतो.

चीजचंही सांगतो. खरं मोझरेला असेल तर गरम असताना तार निघते, ती दुधातल्या प्रथिनांमुळं. गावोगावच्या स्वस्त पिझ्झात पुष्कळदा अ‍ॅनालॉग असतं, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी पामतेल आणि स्टार्च घालून केलेलं. गार झालं की रबरी लागतं आणि टाळूला तेलकट थर बसतो. कायद्यानं पाकिटावर तसं लिहावं लागतं, पण गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट येतच नाही. ताटातला तुकडा येतो. ज्या जिल्ह्यात कुंथलगिरीचा खवा होतो, जिथं घरोघर दूध आहे, तिथं माणसानं पामतेलाचं चीज खावं याला काय म्हणायचं?

वडापावचीही गत तीच. १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर जो वडापाव निघाला, त्याच्यात अर्धी करामत पावाची आहे. मुंबईत लादी दिवसातून दोनदा ताजी येते. आमच्याकडं पाव सकाळी एकदा येतो, संध्याकाळपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटलेला. वडा कितीही गरम द्या, तो पाव तोंडात चिकटतो. त्यापेक्षा आमचा आलुबोंडा नुसता, तळलेल्या मिरचीबरोबर. नाहीतर सकाळी सुशीला. मुरमुरे भिजवून पिळायचे, शेंगदाणे-मिरचीची फोडणी, वरून डाळ्याचं पीठ आणि कोथिंबीर. ऑर्डर दिल्यावर पाच मिनिटांत कढईतून थेट बशीत. याच्याइतकं फास्ट दुसरं काय आहे? पण पोरांपुढं बशी ठेवली तर ती विचारतात, यात नवीन काय.

गोदाकाठची_लेक, नांदेड

सुशीलाला +१००. आमच्या घरी त्यात दही घालतात.

वसमतचा_केळीवाला

मुलांचा हट्ट तर मोडवत नाही, मग काय करायचं ते कोणी सांगा. आमच्या दोघांना वाढदिवसाला तिथंच जायचंय.

झारा_कढई, मूळ परभणी, सध्या पुणे

केळीवाले भाऊ, आतला माणूस म्हणून सांगतो तेवढं करा.

रविवारी संध्याकाळी सात ते नऊ जा. गर्दीचा त्रास होईल, पण कपाटात काही पडून राहणार नाही. आडवारी जावं लागलंच तर फ्राईज बिनमिठाचे मागा. कपाटातल्या सगळ्यांवर मीठ आधीच मारलेलं असतं, त्यामुळं तुमच्यासाठी नवीन घाणा टाकावाच लागतो. मीठ पुडीतून वेगळं मिळतं. बर्गरमध्ये एखादी गोष्ट कमी करायला सांगा, कांदा नको किंवा सॉस वेगळा द्या. मग तो ताजा बांधतात. पाच-सात मिनिटं थांबावं लागेल. काउंटरवरच्या पोराला मात्र नीट बोला, उशीर झाल्याचं खापर त्याच्यावर फुटतं. आणि पार्सल नको, तिथंच बसून खा.

वसमतचा_केळीवाला

काल जाऊन आलो. गावात नाही, नांदेडला, दुपारी चारला. दुकानात तिघं-चौघं होते. बिनमिठाचे फ्राईज मागितले तर पोरीनं आधी मॅनेजरकडं बघितलं, मग जाळी तेलात सोडली. आठ मिनिटं लागली. थोरला म्हणाला, पप्पा हे व्हिडिओतल्यासारखे आहेत. बर्गर सांगितल्याप्रमाणं कांदा काढून मागितला, तोही गरम आला. पाव मात्र कोरडाच होता, त्याला काही उपाय असेल तर लिहा.

झारा_कढई, मूळ परभणी, सध्या पुणे

पाव बाहेरून येतो, गाडी येते त्या वारावर सगळं अवलंबून. कोणत्या वारी येते ते मॅनेजरला विचारा, बहुतेक जण सांगतात. दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक असतो.

स्वयंपाकघर_अंबाजोगाई

मी पुढच्या आठवड्यात लातूरला चाललेय. वार विचारून इथं लिहिते.